डोंगरातल्या जलाशयाभोवती ट्रेल रनिंग : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नकाशावर निळा जलाशय आणि त्याच्या काठाने गेलेली तुटक रेघ दिसली की ट्रेल रनिंग (डोंगरातल्या कच्च्या वाटांवर पळणं) करणाऱ्याचं बोट आपोआप एक चक्कर मारून येतं. पाण्याची पातळी सगळीकडे सारखी, म्हणजे वाट सपाट असणार. जिथून सुरू तिथेच शेवट, म्हणजे गाडीची सोय करायला नको. पाणी कायम एका हाताला, म्हणजे चुकायची भीती नाही. नवखे बहुतेक जण असाच हिशोब मांडतात आणि प्रत्यक्ष वाटेवर तो कोलमडतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो: राष्ट्रीय उद्यानातल्या जलाशयावर पहिल्या खेपेला पूर्ण प्रदक्षिणेच्या फंदात पडू नका. एका काठाने जा, त्याच वाटेने परत या.

आधी जलाशयाचा आकार समजून घ्या

धरण बांधून दरी अडवली की पाणी मुख्य दरीत चढतं, तसंच बाजूच्या प्रत्येक ओढ्यात आणि घळीतही शिरतं. वरून पाहिलं तर पसरलेल्या पंजासारखा आकार दिसतो. दोन बोटांच्या मध्ये डोंगराची सोंड, बोटाच्या टोकाला ओढा. काठाची वाट प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत आत जाते, ओढा ओलांडते आणि पलीकडच्या अंगाने पुन्हा बाहेर येते. समोरच्या सोंडेवरचं झाड दगड भिरकावला तर लागेल इतकं जवळ दिसतं, आणि तिथे पोचायला दीड किलोमीटर पळावं लागतं. जलाशयाची लांबी पाहून अंतराचा अंदाज बांधाल तर हमखास फसाल. अंतर मोजायचं ते वाटेच्या रेघेवर, प्रत्येक वळण धरून.

सपाटपणाचंही तसंच. वाट पाण्याला चिकटून क्वचितच जाते. कातळ आडवा आला की वर चढते, ओढ्याला उतरते, सोंडेला वळसा घालताना पुन्हा चढते. नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटर उंचीला काढलेल्या असतील तर दोन रेषांच्या मधला १५ मीटरचा चढ-उतार त्यावर दिसतच नाही. असे पंचवीस चढ वाटेत आले तर ३७५ मीटरची चढाई झाली, आणि नकाशा म्हणतोय सपाट! उंची पाहायची तर आधी कुणी पळून नोंदवलेल्या ट्रॅकची बघा. त्यातही वायुदाबावर उंची मोजणाऱ्या घड्याळाचा ट्रॅक असेल तर जास्त भरवशाचा.

यावरून वेळेचा अंदाज काढायला दोन सोपे नियम आहेत. पहिला इंटरनॅशनल ट्रेल रनिंग असोसिएशन वापरते तो: अंतराच्या किलोमीटरमध्ये चढाईच्या मीटरचा शंभरावा भाग मिळवायचा. १४ किलोमीटर आणि ४०० मीटर चढाई म्हणजे १८ किलोमीटरचे कष्ट. दुसरा नियम चालणाऱ्यांचा, विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला. सध्याच्या मापात तो असा बसतो: ताशी ५ किलोमीटर, आणि वर दर १०० मीटर चढाईला १० मिनिटं. त्याच वाटेला चालत साडेतीन तास लागतील. पळणाऱ्याने दुसरा नियम कशाला बघायचा? पाय मुरगळला तर उरलेली वाट चालतच कापायची असते, म्हणून. पाणी, खाणं आणि उजेड यांचा हिशोब नेहमी चालण्याच्या वेळेवर करा, पळण्याच्या नाही.

प्रदक्षिणा पूर्ण होते का, हे तपासा

प्रत्येक जलाशयाला पूर्ण फेरीची वाट असतेच असं नाही. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातला 'हेच हेची' नावाचा जलाशय घ्या. १९२३ मध्ये ओशॉनेसी धरण पूर्ण झालं आणि हिमनद्यांनी कोरलेली दरी पाण्याखाली गेली. वाट धरणाच्या भिंतीवरून पलीकडे जाते, एका बोगद्यातून बाहेर पडते आणि उत्तर काठाने पुढे निघते. वापामा धबधबा धरणापासून साधारण ४ किलोमीटरवर, रँचेरिया धबधबा साडेदहाच्या आसपास. दक्षिण काठाला सरळसोट कडे. तिकडून काठाने परत येण्याची सोयच नाही. इथे जाऊन-येऊन हाच एक प्रकार. वापामाच्या पायाशी लाकडी पूल आहेत आणि वसंतात बर्फ वितळायला लागलं की धबधब्याचं पाणी त्यांच्यावरून वाहतं. तसं दिसलं तर परत फिरायचं. पूल आहे म्हणून पलीकडे जाता येतंच असं नाही.

उलट इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात हाउडन आणि डरवेंट या लागोपाठच्या दोन जलाशयांना फेरी घालता येते, साधारण १६ किलोमीटरची. एका काठाला डांबरी रस्ता, दुसऱ्या काठाला कच्ची रुंद वाट, आणि वरच्या टोकाला नदी ओलांडायला जुना दगडी पूल. हा पूल मुळात डरवेंट गावातला. खालचा लेडीबाउर जलाशय भरण्याआधी त्याचे दगड सुटे करून ठेवले आणि १९५९ मध्ये वर पुन्हा जोडले. नवख्याने पहिली पूर्ण फेरी करायची तर अशा ठिकाणी: एक बाजू रस्त्याची, पूल पक्का, अंतर आटोक्यात.

या दोन टोकांच्या मध्ये बाकीचे जलाशय. नकाशावर तीन गोष्टी शोधा: धरणाच्या भिंतीवरून जायला परवानगी आहे का, वरच्या टोकाला नदीवर पूल आहे की पाण्यातून जायचं, आणि मधूनच रस्त्यावर बाहेर पडायला किती जागा आहेत. तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत फेरीचा विचार बाजूला ठेवा.

पहिल्यांदा जाऊन-येऊनच का

साध्या डोंगरात दमलात तर एखादी धार उतरून गावात जाता येतं, आडवाटेने अंतर कापता येतं. जलाशयावर मधोमध पाणी असतं. १६ किलोमीटरच्या फेरीत ८ किलोमीटरवर दुखापत झाली तर पुढचा आणि मागचा, दोन्ही रस्ते सारखेच लांब. आणि ते आठवं किलोमीटर नेमकं फुगवट्याच्या शेपटाशी, म्हणजे जलाशयाच्या वरच्या टोकाशी असतं: धरणापासून, रस्त्यापासून आणि फोनच्या सिग्नलपासून सगळ्यात दूर. जाऊन-येऊन पळताना परतीचा प्रत्येक ओढा, प्रत्येक घसारा (सुट्या मातीचा निसरडा उतार) तुम्ही तासाभरापूर्वी पाहिलेला असतो. फेरीत उत्तरार्ध पूर्ण अनोळखी, आणि पाय दमलेले.

परत फिरायची वेळ घड्याळावर ठरवा, ठिकाणावर नाही. "त्या धबधब्यापर्यंत जाऊ" म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो. एकूण वेळेचा एक तृतीयांश हिस्सा संपला की मागे फिरायचं. एक हिस्सा परतीला, एक हिस्सा राखीव. पाण्यालाही हेच गणित. पहिल्या दिवशी हे फारच सावध वाटेल. वाटू दे.

बर्फाच्या पाण्यावरच्या ओढ्यांत मात्र जाऊन-येऊनची एक गोम आहे. सकाळी घोटाभर पाणी असलेला ओढा दुपारी ऊन तापल्यावर वाढतो, आणि तुम्हाला तोच परत ओलांडायचा असतो. अशा दिवसांत पहाटेनंतर लगेच निघून दुपार व्हायच्या आत परतावं, किंवा अशा ओढ्याच्या अलीकडेच वळावं.

उद्यानाचे नियम

राष्ट्रीय उद्यान म्हणजे सार्वजनिक बाग नव्हे. काही उद्यानांत मोठ्या शिकारी प्राण्यांमुळे पायी फिरायलाच बंदी असते, काहींत वाटाड्या सोबत लागतो, काहींत मोकळीक असते. त्याच जलाशयाचा एक काठ खुला आणि दुसरा बंद, असंही असतं. निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या कार्यालयाकडून चार गोष्टी विचारून घ्या: परवाना, फाटकाची वेळ, सध्या बंद असलेल्या वाटा, आणि पळायला हरकत आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. चालायला परवानगी आहे म्हणजे पळायलाही आहे, असं धरून चालता येत नाही.

फाटक बंद व्हायची वेळ म्हणजे पळणं संपायची वेळ नव्हे. त्याच्या किमान तासभर आधी गाडीपाशी पोचलेलं असावं.

सामान

बूट ट्रेलचेच हवेत. तळव्याचे दात ४ ते ५ मिलिमीटर असले की माती, मुरूम आणि ओला दगड बऱ्यापैकी पकडतात. चिखलासाठी खोल दात चांगले. पण तेच कातळावर टोचतात आणि सटकतात. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. पाण्यापासून पूर्ण संरक्षण देणारे बूट या वाटांवर मी घेणार नाही: ओढ्यात वरून पाणी शिरलं की ते आतच राहतं. पाणी झटकन निथळणारे साधे बूट आणि लोकरीचे पातळ मोजे बरे.

पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये वाऱ्यापावसाचं जॅकेट, कपाळावर लावायची बॅटरी, चकाकत्या पन्नीची पातळ चादर, क्रेप बँडेज, शिट्टी, खाणं, पाणी आणि फोन. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या, कारण दरीत सिग्नल मिळेल या भरवशावर राहता येत नाही. थंडीत फोनची बॅटरीही लवकर उतरते. तो अंगालगतच्या खिशात असू द्या.

कपड्यांच्या बाबतीत उंचीचा हिशोब ठेवा. दर १,००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते आणि अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. म्हणजे थंडी वाजत असतानाच कातडी भाजते, शिवाय पाण्यावरून ऊन परावर्तित होतं ते वेगळं. जलाशय २,५०० मीटरच्या वर असेल तर पहिले एक-दोन दिवस नुसते चाला. डोकं दुखणं, मळमळ अशी लक्षणं दिसली तर पळणं थांबवून खाली उतरायचं.

कोणत्या दिशेने, किती वाजता

उघड्या पाण्यावरून येणारा वारा अडवायला काही नसतं. जाताना वारा समोरून असेल अशी बाजू निवडा. घामाने भिजलेलं अंग परतताना समोरच्या वाऱ्यात झपाट्याने गार पडतं. डोंगरात दिवसा वारा बहुधा दरीतून वर चढतो आणि रात्री खाली उतरतो, एवढं लक्षात ठेवलं तरी अंदाज येतो.

वादळी ढग बहुतेक दुपारनंतर जमतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर धोका जवळ आहे. उघड्या सोंडेवरून, धरणाच्या भिंतीवरून आणि पाण्याच्या कडेपासून दूर व्हा, एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

प्रत्यक्ष पळताना

रस्त्यावरचा वेग घरी ठेवून या. चढावर पळायचा हट्ट नको. श्वास लागला की हात मांडीवर टेकून चाला. मुरलेले ट्रेल रनरही तेच करतात. पावलं छोटी आणि पटपट, नजर तीन-चार मीटर पुढे. उतारावर मागे रेललात तर टाच घसरते. अंग किंचित पुढे, गुडघे सैल, हात पसरलेले. ओल्या मुळांवर पाय द्यायचाच नाही. द्यावाच लागला तर तिरका नको, मुळाशी काटकोनात द्या आणि त्यावर जोर देऊन वळू नका.

काठाच्या वाटेवर एक खास गोष्ट असते, बाहेरच्या बाजूचा उतार. वाटेचा पाण्याकडचा अर्धा भाग खचलेला आणि भुसभुशीत असतो, कारण पाणी चढतं-उतरतं तसा काठ खालून पोखरला जातो. वाट रुंद दिसली तरी डोंगराकडच्या अंगानेच पळा. समोरून कुणी आलं तर तुम्ही डोंगराच्या बाजूला थांबा, त्यांना हाक देऊन सावकाश जाऊ द्या.

ओढा ओलांडताना पळायचं नाही. सॅकचा पोटावरचा पट्टा सोडा, प्रवाहाच्या वरच्या अंगाकडे तोंड करा, एकेक पाय टेकवत आडवे सरका. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर तिथूनच माघारी.

गाळाचा पट्टा

पाण्याची पातळी उतरली की काठाने उघडा, झाडं नसलेला पट्टा दिसायला लागतो. या पट्ट्यावर नवख्यांचा जीव जडतो. वाट आत ओढ्याकडे वळते आणि समोर वाळलेली, भेगाळलेली, पटांगणासारखी जमीन पसरलेली असते; सरळ कापलं तर किलोमीटर वाचणार. वरचा पापुद्रा उन्हाने कडक झालेला असतो, काठाशी पाय दिला तर वाजतोही खणखणीत. पुढे पाच-दहा पावलांवर भेगा अरुंद होत जातात, मातीचा रंग फिका राखाडी होता तो गडद होतो, पाऊल किंचित हलल्यासारखं वाटतं. तिथे पापुद्र्याखाली ओढ्याने वर्षानुवर्षं आणून टाकलेला मऊ गाळ असतो, आणि ओढ्याच्या मुखाशी तो सगळ्यात खोल. एक पाय मांडीपर्यंत गेला की तो काढायला दुसऱ्यावर जोर द्यावा लागतो आणि दुसराही जातो.

कुणी अडकलंच तर सॅक काढून पुढे टाकायची, अंग आडवं करून वजन पसरायचं, पाय हळूहळू हलवत मोकळे करायचे आणि आल्या दिशेनेच लोळत-रांगत काठ गाठायचा. सोबत्याने धावत मदतीला जाऊ नये. काठावरून काठी किंवा जॅकेट फेकावं. त्यापेक्षा आत वळणारी वाट बरी. तो किलोमीटर वाचवायचा नाहीच.

धरण आणि पाणी

धरणाखालच्या नदीपात्रात पळू नका, ते कितीही कोरडं आणि सुंदर दिसलं तरी. आकाश निरभ्र असताना वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं जातं आणि विसर्ग सुरू झाला की पात्र मिनिटांत भरतं. भोंगा वाजला तर विचार न करता वर चढा. सांडव्याच्या उतरत्या भिंतीवर फोटोसाठी जाणारे दिसतात. त्यांच्यामागे जाऊ नका.

पोहायचं नाही. बऱ्याच जलाशयांत पिण्याचं पाणी म्हणून बंदी असते. हेच हेचीचं पाणी सॅन फ्रान्सिस्कोला जातं आणि तिथे पोहणं, होड्या दोन्ही बंद. बंदी नसली तरी १५ अंशांखालच्या पाण्यात तापलेल्या अंगाने उडी मारली की पहिल्या क्षणी अनैच्छिक श्वास आत खेचला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही हे चुकत नाही.

प्यायचं पाणी वाहत्या ओढ्यातून घ्या, तेही गाळून किंवा उकळून. उकळी एक मिनिट. २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. काठाशी हिरव्या रंगासारखी साय दिसली तर ते पाणी अजिबात नको. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही, आणि साध्या फिल्टरचा त्यावर भरवसा नाही.

प्राणी

पहाटे आणि संध्याकाळी प्राणी पाण्यावर येतात, आणि ते येतात नेमके ओढ्यांच्या मुखाशी. तिथे वाट वळणाची, झाडी दाट, आणि पाण्याच्या आवाजात तुमच्या पावलांचा आवाज बुडतो. प्रत्येक आतल्या वळणाआधी चाला आणि मोठ्याने बोला. कानात इयरफोन नकोत. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा नियम मापासाठी चांगला आहे: अस्वल, लांडगा आणि कूगर (पहाडी सिंह) यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर, बाकीच्या प्राण्यांपासून २५ यार्ड. अस्वल किंवा मोठी मांजरवर्गीय जनावरं समोर आली तर पाठ फिरवून पळायचं नाही. थांबा, तोंड त्यांच्याकडेच ठेवा, हळूहळू मागे सरका. पळणारं ते भक्ष्य, ही त्यांची ओळख आहे. बाकी तुमच्या उद्यानात कोणते प्राणी आहेत आणि त्यांच्यासाठी काय करायचं, ते फाटकावरच्या वनरक्षकाला विचारा. त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

अडकलात तर

निघताना घरच्या किंवा ओळखीच्या एकाला वाट, दिशा आणि दोन वेळा सांगा: परतीची, आणि ज्यानंतर मदत मागवायची ती. दुखापत झाली तर आधी जॅकेट आणि पन्नी अंगावर, मग बाकीचं. पळणं थांबलं की शरीर दहा-पंधरा मिनिटांतच गार पडू लागतं. शिट्टीचा संकेत आल्प्सपासून चालत आलेला आहे: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. उत्तर आलं तरी वाजवणं थांबवू नका. दऱ्यांत आवाज फिरतो आणि शोधणाऱ्यांना दिशा कळायला वेळ लागतो.

परत आल्यावर

गाडीत बसण्याआधी बुटांच्या दातांतली माती ब्रशने खरवडून तिथेच टाका. तणांचं बी आणि झाडांच्या रोगांचे बीजाणू याच मातीतून एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जातात, आणि काही उद्यानांत त्यासाठी फाटकाशी ब्रश ठेवलेले असतात. घोटे, गुडघ्यांमागचा भाग आणि कंबरेचा पट्टा गोचिडांसाठी तपासा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. मग घड्याळातला ट्रॅक उघडून कोणत्या ओढ्याला किती वेळ लागला ते नोंदवून ठेवा. त्याच काठावर दोन-तीनदा आरामात जाऊन आलात आणि राखीव ठेवलेला तिसरा हिस्सा दर वेळी शिल्लक राहिला, की मग फेरीचा नकाशा उघडायला हरकत नाही.